पाण्याखाली घाबरलो तर?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की वाशीला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. अंदमानची नाहीतर मालवणची बुकिंगं झालेली असतात, स्कूबाचे, म्हणजे पाठीला हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली उतरण्याचे, पैसे भरलेले असतात, घरातली पोरंटोरं उड्या मारत असतात आणि एखादं माणूस गुपचूप माझ्यासमोर येऊन बसतं. "मॅडम, पाण्याखाली गेल्यावर घाबरलो तर?" पोहता न येणारे हे विचारतात, यात नवल नाही. पण उत्तम पोहणारेही तितकेच विचारतात.

अविनाशराव (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) त्यातलेच. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा अधिकारी. मुलीनं पन्नाशीची भेट म्हणून हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, त्यांचा पहिलावहिला डाइव्ह ठरवला होता. गृहस्थ लहानपणापासून पट्टीचे पोहणारे. पाठीला सिलिंडर लावून तरणतलावात एकदा सरावही झाला होता. "तिथे काही वाटलं नाही. समुद्राचं नाव काढलं की छातीत धडधडतं. भीती पूर्ण जाईल असं काहीतरी तंत्र द्या, महिना आहे हातात." कंत्राटदाराला काम सांगावं तसा सूर.

त्यांचं सगळ्यात मोठं दुखणं कमरेला बांधायच्या शिशाच्या वजनांचं होतं. तलावात कमरेला बांधलं त्याहून जास्त वजन समुद्रात बांधतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "म्हणजे बुडवायचीच सोय ना?" खरं तर कारण साधं आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड, म्हणून ते माणसाला जास्त वर उचलतं. साहित्यासकट 100 किलो भरणाऱ्याला खाली जायला साधारण 2.5 किलो जास्त लागतात. अंदमानचं पाणी 28 अंशांच्या आसपास, त्यामुळे अंगावरचा सूट पातळ असतो आणि त्या सुटापुरतं वजन उलट कमी होतं. शिवाय जाकिटात हवा भरली की माणूस वर तरंगतो, आणि वेळ आली तर वजनं सोडून देता येतात. हे ऐकून ते जरा सैलावले. माहितीनं अर्धी भीती जाते, यावर माझा विश्वास आहे. उरलेल्या अर्धीसाठीच माझी खुर्ची आहे.

पोहणाऱ्यांची एक वेगळीच पंचाईत असते. आयुष्यभर त्यांनी पाण्यात श्वास रोखायचा सराव केलेला असतो, आणि स्कूबाचा पहिला नियम तर 'श्वास रोखायचा नाही' हा. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास धरून वर आलात तर ती हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. त्यात मास्क नाकही झाकतो. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक मोकळं असतं, इथे ते एकदम बंद.

म्हणून एका भेटीला त्यांना मास्क घेऊनच बोलावलं. पिशवीतून काढून त्यांनी तो चढवला, आणि माझ्यासमोर खुर्चीत बसून तोंडानं श्वास घेऊ लागले. मिनिटभरात खांदे वर चढले, श्वास भराभर होऊ लागला, काच धुक्यानं भरली. नेमकी तेव्हाच आमची मावशी चहा घेऊन आत आली आणि ट्रे तसाच धरून उभी राहिली. अविनाशरावांनी मास्क ओढून काढला. "श्वास पुरत नाही!"

"खोलीत हवा कमी झाली का?"

"नाही."

"मग?"

हवा कमी पडत नसतेच. वरवरचे, भराभर श्वास घेतले की आतला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, आणि गुदमरल्यासारखं वाटण्याचं ते मोठं कारण. उपाय जास्त हवा ओढणं हा नाही. हवा शांतपणे, पूर्ण सोडणं हा आहे. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. रोज रात्री बातम्या बघताना मास्क लावून बसायचं, असा गृहपाठ दिला. घरचे हसले, पण त्यांनी केला.

तरी धडधड जाईना. पुढच्या भेटीत ते जवळजवळ रागावलेच. "मॅडम, अजून भीती वाटतेच आहे. तुमचं तंत्र चालत नाही."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीनं काम करते, आणि असं वाक्य आलं की माझे कान टवकारतात. भीती वाटू नये ही इच्छा झाली. भीती वाटताच कामा नये, हा हट्ट झाला. माणूस बुडतो तो बहुधा दुसऱ्यात. पण हे तत्त्व त्यांना ऐकवून उपयोग नव्हता. मी त्यांच्या कामाचं विचारलं.

"टाकी साफ करायला माणूस आत उतरवता, तेव्हा काय व्यवस्था असते?"

ते खुलले. आधी हवा तपासायची, परवाना भरायचा, दोर बांधायचा, तोंडाशी एक माणूस सतत उभा ठेवायचा.

"आणि आतला माणूस म्हणाला, मला बरं वाटत नाही, बाहेर यायचंय?"

"ताबडतोब बाहेर. कारण विचारायचं नाही."

"त्याला भित्रा म्हणता?"

"छे! उलट सगळ्यांना सांगतो, असं वेळेवर बोला. न बोलणाऱ्याच्याच जिवावर बेततं."

"मग हॅवलॉकला हा परवाना तुम्हाला कोण देणार?"

ते गप्प झाले. बराच वेळ. मग म्हणाले, "पोरीसमोर वर आलो तर काय वाटेल तिला..." आणि तिथे आम्हाला समुद्र सापडला. भीती पाण्याची नव्हतीच फारशी. बापाची फजिती होईल याची होती. शेकडो कामगारांना दिलेला हक्क या माणसानं स्वतःला कधी दिलाच नव्हता. इतक्या वर्षांच्या कामात मला एक कळलंय: माणसाच्या कुलपाची किल्ली बहुतेक वेळा त्याच्याच धंद्यात असते. ती शोधता आली की मला आजही मनातून आनंद होतो.

स्कूबात हा नियम मुळातच आहे. कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो. अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय'. आपल्याकडे अंगठा 'मस्त' म्हणून दाखवायची सवय, तिथे मात्र 'ठीक आहे'साठी अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं. ही खूण घरी इतकी घोटा की हात आपोआप वळावा. अविनाशरावांनी मुलीला फोन करून आधीच सांगून टाकलं, "मी अंगठा दाखवला तर वर येणार. हसायचं नाही." ती म्हणाली, "बाबा, मीपण दाखवू शकते ना?"

पहिल्या खेपेला ते दोन-तीन मीटरवरूनच वर आले. प्रशिक्षक सोबत होता, सावकाश आणले. दहा मिनिटं नुसते तरंगत राहिले आणि मग स्वतःच म्हणाले, चला. परत आल्यावर मला माशांचं फारसं सांगितलं नाही. अंगठा दाखवला आणि जगबुडी झाली नाही, हेच तीनदा सांगितलं.

तुमच्यापैकी कुणी तयारी करत असेल तर आरोग्याच्या फॉर्मवर खरं लिहा. अविनाशराव रक्तदाबाची गोळी लपवणार होते. मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, पूर्वी आलेले पॅनिक अटॅक, यांतलं काहीही असेल तर माझ्याकडे नंतर या, डॉक्टरांकडे आधी जा. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, कान मोकळे होत नाहीत. एरवीसुद्धा नाक धरून हलकेच फुंकायचं ते कान दुखायच्या आधी, दुखल्यावर नव्हे. आदल्या रात्री मद्य नको, पाणी भरपूर.

आणि डाइव्ह सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. एका डाइव्हनंतर विमानात बसायला निदान 12 तास जाऊ द्यावे लागतात, जास्त डाइव्ह केले तर 18. सुरुवातीला ठेवलात तर आणखी एक सोय होते: आज अंगठा दाखवून वर आलात, तर उद्याचा दिवस हातात असतो.