‘शॉक दिला तर पोरगं कामातून जाईल’

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. माझ्या धाकट्या दिराला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्यांनी बरं चाललं होतं पण मधे त्यानीच बंद केल्या आणि आता बोलत नाही, जेवत नाही, तासन्‌तास एकाच पोजमधे बसून राहतो. डॉक्टर म्हणतात ईसीटी म्हणजे शॉक द्यावे लागतील. सासूबाई ऐकायलाच तयार नाहीत, पिक्चरमधे पाहिलंय ना त्यांनी, चार जण बांधून शॉक देतात आणि मग माणूस नुसता बघत बसतो! वरून आत्याबाई म्हणतात अंगात दुसरं कुणी शिरलंय, भूलभुलैयात केलं तसं काही करा. काय करू?
– एक वहिनी, ग्वाल्हेर

उत्तर : वहिनी, आधी आत्याबाईंचं उरकते. 2007 च्या त्या पिक्चरमधे नाटक रचून नायिकेला बरं करतात, पण तिला दाखवलेला आजारच वेगळा आहे, एका माणसात दोन माणसं वगैरे, स्किझोफ्रेनियात तसं नसतं. त्यांना ‘देवराई’ दाखवा, 2004 चा, अतुल कुलकर्णीचा. घरात हा आजार असला की बहिणीची कशी ओढाताण होते ते त्यात बरोब्बर आलंय.

आता शॉक. सासूबाईंची भीती अगदीच फिल्मी नाहीये हो. 1938 मधे रोमला हा उपचार सुरू झाला तेव्हा भूल न देताच द्यायचे, झटक्यानी हाडंसुद्धा मोडायची, आणि आपल्याकडेही कित्येक वर्षं बऱ्याच ठिकाणी तसंच चालायचं. आपल्या ग्वाल्हेरच्याच मानसिक आरोग्यशाळेवर, शिवाय आग्रा आणि रांचीच्या, देखरेख ठेवायला 1997 मधे सुप्रीम कोर्टानी मानवाधिकार आयोगाला सांगितलं होतं, ते काही उगाच नाही. हॉलिवूडचा 1975 चा ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ आला त्यात शॉक म्हणजे चक्क शिक्षा, मग आपले हिंदीवालेही तोच सीन फिरवून फिरवून दाखवत राहिले कारण किंचाळणारा हीरो पडद्यावर चालतो, भूल देऊन झोपलेला पेशंट कोण बघणार!

खरं काय होतं सांगते. भूलतज्ज्ञ आधी झोपेचं आणि स्नायू सैल करायचं इंजेक्शन देतात, करंट काही सेकंदच असतो, त्यानी मेंदूत जी फिट येते ती साधारण मिनिटभराची, बाहेरून फार तर पायाची बोटं हललेली दिसतात. तोंडात ते रबरी काहीतरी ठेवतात तेवढं मात्र पिक्चरमधलं खरं, दात-जीभ सांभाळायला. आठवड्यातून दोन-तीनदा, असे बहुतेकांना 6 ते 12 लागतात. 2017 च्या कायद्यानी भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदीच आहे.

तुमच्या दिराची जी अवस्था लिहिलीत तिला बहुतेक कॅटॅटोनिया म्हणत असतील, डॉक्टरांना विचारा. त्यात आधी लोराझेपामसारखं औषध देऊन पाहतात, त्यानी नाही झालं किंवा खाणंपिणंच सुटलं तर ईसीटी, आणि ह्या अवस्थेत त्याचा गुण बऱ्याचदा लवकर दिसतो. त्रास नाहीच असं मी म्हणणार नाही. डोकं दुखतं, उठल्यावर थोडा वेळ गोंधळ उडतो, त्या आठवड्यांमधल्या गोष्टी विसरायला होतात आणि काही जणांच्या जुन्या आठवणींमधेही कायमची भोकं राहतात, ते सही करायच्या आधी नीट समजून घ्या. आणि ईसीटी झाली म्हणून गोळ्या सुटत नाहीत, नाहीतर पुन्हा तेच.

सासूबाईंना घरी बसून पटवत बसू नका, सरळ डॉक्टरांसमोर न्या, त्यांनाच विचारू दे की भूल कोण देणार, आम्हाला बाहेर थांबता येईल का, विसरला तर किती दिवस. रात्री-बेरात्री घाबरायला झालं तर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, चोवीस तास. पण तो पाणीसुद्धा घेईनासा झाला तर फोन करत बसू नका, तडक दवाखाना.

आणि हो, ज्या दिवशी ईसीटी असेल त्या दिवशी सकाळी उपाशीपोटीच न्यायचं असतं, भूल दिल्यावर उलटी फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं, तेव्हा सासूबाईंनी मायेपोटी गुपचूप पाजलेला दोन घोट चहासुद्धा चालणार नाही, हे त्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा.