घग्गरचं कोरडं पात्र आणि सरस्वतीचा वाद

"उपग्रहाच्या चित्रांत पात्र दिसलं, ऋग्वेदातली सरस्वती सापडली, मग वाद उरतो कुठे?" असं तुम्ही विचारलंत.

पात्र आहेच. शिवालिकच्या टेकड्यांतून निघालेली घग्गर हरियाणा, राजस्थान ओलांडून पाकिस्तानातल्या चोलिस्तानच्या वाळवंटात हाक्रा होते. कालीबंगा, बनावली, गनवेरीवाला ही हडप्पाकालीन ठिकाणं याच पट्ट्यातली. इथवर कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते या पात्रात हिमालयातलं बर्फाचं पाणी कधी वाहत होतं, यावर.

वाळू कुठल्या डोंगरातून आली हे तिच्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून कळतं. 2012 मध्ये त्यावरून असं निघालं की यमुना 49 हजार ते 10 हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यानच इथून पूर्वेला वळली होती. 2017 च्या अभ्यासात सतलजही 8 हजार वर्षांपूर्वीपर्यंत हे पात्र पुरतं सोडून गेलेली दिसली. हडप्पा संस्कृतीची भरभराटीची शहरं मात्र इ.स.पू. 2600 ते 1900 ची. म्हणजे मोठी नदी निघून गेल्यावर हजारो वर्षांनी! मला हे फार विलक्षण वाटतं. सतलजसारखी नदी पुरात काठ खाते, पात्र बदलते. तिने सोडलेल्या दरीत गाळाची जमीन आणि पावसाळी पाणी राहिलं, पण गावं धुऊन नेणारा पूर उरला नाही. कालीबंगाला तर उभे-आडवे तास घातलेलं नांगरलेलं शेतच सापडलंय, तेही शहर भरभराटीला येण्याआधीचं. नदी आटली म्हणून शहर उजाडलं, हे आपण नेहमी ऐकतो. इथे मोठी नदी गेली म्हणून वस्ती टिकली असावी.

2019 चा एक अभ्यास मात्र साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत बारमाही प्रवाह होता असं मांडतो. त्यामुळे हा निकाल अजून पक्का नाही. माझा कल 2017 च्या मांडणीकडे आहे, कारण त्यातले नमुने थेट कालीबंगाजवळ जमिनीत खोल भोकं पाडून काढलेले आहेत.

आता ऋग्वेद. सातव्या मंडलातली सरस्वती 'गिरिभ्य आ समुद्रात्', म्हणजे डोंगरांतून समुद्रापर्यंत, जाते. दहाव्यातल्या नदीसूक्तात ती यमुना आणि शुतुद्री यांच्या मध्ये येते, आणि शुतुद्री म्हणजे सतलज. ही जागा घग्गरशी जुळते, ते मी मान्य करतो. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातलं 'हरह्वैती' हेही तेच नाव, पण ते अफगाणिस्तानच्या बाजूचं; म्हणजे नाव एका प्रदेशातून दुसऱ्यात गेलेलं असू शकतं. आणि हडप्पाची लिपी अजून वाचता आलेली नाही. म्हणून घग्गर आणि सरस्वती एकच निघाल्या, तरी काठावरची माणसं वेदांचीच भाषा बोलत होती असं त्यावरून म्हणता येत नाही.