कोथरूड ते बाणेर सायकलनं: हेल्मेट, ॲप आणि सायकल कुठून घ्यायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुण्यात कोथरूडहून बाणेरला रोज सायकलनं ऑफिसला जायचंय, एका बाजूचं दहाएक किलोमीटर, बजेट 25 हजार, त्यातले जवळपास 10 हजार लाइटवालं स्मार्ट हेल्मेट, जीपीएस कॉम्प्युटर आणि कॅमेरा यासाठी बाजूला काढलेत, सायकल ऑनलाइन सेलमधून घ्यायची कारण दुकानदार दोन हजार जास्त सांगतोय, आणि आई म्हणतायत की या ट्रॅफिकमध्ये सायकल म्हणजे वेडेपणा. मॉडेलांची नावं या चर्चेत वर बऱ्याच जणांनी दिलीच आहेत, त्यात मी भर घालत नाही. मला फक्त एवढंच म्हणायचंय की तुमचे पैसे भलत्याच ठिकाणी चाललेत. त्या 10 हजारातले सात-आठ हजार सायकलीत आणि सायकलवाल्याच्या खिशात जाऊ द्या.

आधी रस्त्याचं बोलू, कारण आईंची काळजी तिथलीच आहे. नवीन माणूस पहिली गोष्ट काय करतो, तर अंग चोरून पार डाव्या कडेला चिकटून चालवतो. आपण कुणाच्या मध्ये येत नाही अशी त्याची समजूत असते. पण कडेला काय असतं बघा ना, खडी, काचा, ड्रेनेजच्या जाळ्या ज्यांच्या फटी नेमक्या चाकाच्या दिशेत, आणि काँक्रीट संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथली ती लांबलचक खाच, तिच्यात पुढचं चाक गेलं की हँडल तुमचं ऐकत नाही. शिवाय तुम्ही कडेला गेलात की मागच्या कारवाल्याला वाटतं जागा आहे, तो त्याच लेनमधून घासून पुढे काढतो. त्यापेक्षा कडेपासून चांगलं एक मीटर आत, सरळ रेषेत चालवा, पार्क केलेल्या गाड्यांची रांग असेल तर उघडं दार वाचेल इतकं अंतर ठेवा, आणि दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत-बाहेर करू नका. हॉर्न वाजतील. वाजू देत, हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याला तुम्ही दिसलाय. (घंटी लावाच, पण पुण्यात घंटी वाजवल्यावर लोक बाजूला होत नाहीत, वळून बघतात, हे गृहीत धरा.)

दुसरी गोष्ट, डावं वळण. पीएमपीची बस तुम्हाला ओव्हरटेक करून लगेच डावीकडे स्टॉपला घेते, हे रोजचं आहे, तेव्हा बस बाजूनं पुढे गेली की पायडल मारणं थांबवायचं आणि ती काय करते ते बघायचं, तिच्या डावीकडून घुसायचं नाही म्हणजे नाही. तेच सिग्नलला डंपर किंवा काँक्रीट मिक्सरच्या बाबतीत, आणि बाणेर-बालेवाडीला बांधकामं चालू असल्यामुळे ते भरपूर भेटणार. ड्रायव्हर उंच बसलेला असतो, त्याच्या डाव्या दाराखालचा कोपरा त्याला दिसत नाही, आणि मोठी गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून कापत जातात. म्हणजे पुढचं चाक तुमच्या शेजारून सुखरूप गेलं म्हणून हुश्श करायचं नाही, मागचं यायचंय. अशा गाडीच्या एकतर पूर्ण मागे थांबा, नाहीतर इतकं पुढे की ड्रायव्हरशी नजरानजर होईल. शेजारी कधीच नाही.

आणि ब्रेक. पुढचा ब्रेक दाबला की तोंडावर पडतो असं आपल्याला लहानपणी सांगितलेलं असतं, त्यामुळे अर्धं पुणं नुसत्या मागच्या ब्रेकवर चालतं. वेग कमी करताना वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं, खरी थांबवायची ताकद पुढच्या चाकात असते. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. रिकाम्या मैदानात दोन्ही एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत, अंग थोडं मागे सरकवून, अशी सवय हाताला होईपर्यंत करा. पावसाळ्यात रिम ब्रेक (चाकाच्या कडेला रबर घासणारा) असेल तर पहिला एक क्षण नुसतं पाणी पुसण्यात जातो, तेव्हा आधीपासून हलका दाबत यायचं, आणि झेब्राचे पांढरे पट्टे नि मॅनहोलची झाकणं यावर ना ब्रेक, ना वळण. यातलं काहीच विकत मिळत नाही, म्हणून कुठल्या गिफ्ट गाइडमध्ये येत नाही.

आता तुमची ऑनलाइनची सायकल. जाहिरातीत लिहिलेलं असतं 85 टक्के असेंबल्ड, आणि वाचणाऱ्याला वाटतं राहिलं काय मग, फक्त 15 टक्के. त्या 15 टक्क्यांत काय येतं? पुढचं चाक, हँडल, पायडल आणि दोन्ही ब्रेकचं ॲडजस्टमेंट, म्हणजे जे सुटलं तर तुम्ही थेट रस्त्यावर आदळाल ते सगळं. पायडलचंच घ्या. उजवं पायडल नेहमीसारखं बसतं पण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवून घट्ट होतं. हे माहीत नसलेला माणूस डावं पायडल नेहमीच्या दिशेनं फिरवतो, बसत नाही म्हणून पान्ह्यानं जोर लावतो, पायडलचा दांडा लोखंडी आणि क्रँक (पायडल ज्यात बसतं तो हात) बऱ्याचदा ॲल्युमिनियमची, त्यामुळे क्रँकचे आटे सोलून निघतात आणि दोन-चार आठवड्यांत चढावर उभं राहून मारताना पायडल पायासकट निखळतं. दुसरं म्हणजे चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, उलटा. खोक्यात मावावा म्हणून तो फिरवून ठेवलेला असतो, लोक तसाच हँडल लावून टाकतात, डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकती दाबणारा भाग) डावीकडे मागे असायला हवा तो पुढे उजवीकडे आलेला असतो आणि माणूस मजेत चालवतोय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा, मुलांच्या सायकलींमध्ये एखादी तरी अशी सापडेल. ऑनलाइन घेतलेली सायकल घेऊन तुम्ही शेवटी जाणार त्याच दुकानदाराकडे, तो असेंब्लीचे पैसे घेणार, वर तुमच्याकडे बघून जे बोलायचं ते बोलणार. मग दोन हजार वाचले कुठे?

दुकानदाराकडून घेतली की तो बसवून देतो, तुमच्या उंचीला फ्रेम लहान होतेय का सांगतो, महिन्याभरानं केबल ताणल्या आणि आरे बसले की चाकाचा आऊट (डगमग) काढून देतो, गिअर परत लावून देतो, आणि पहिल्या सर्व्हिसिंगचे पैसे सहसा घेत नाही. बुधवारी सकाळी साडेआठला चेन तुटली तर ज्याच्याकडून घेतलीय तोच हातातलं काम ठेवून तुमचं बघणार. भावात घासाघीस जरूर करा. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या पार्टवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आलाय, तेव्हा बिल नव्या दरानं मागा, आणि बिल मागाच, कच्ची पावती नको. सायकल उलटी करून पायडलच्या एक्सलखाली फ्रेम नंबर कोरलेला असतो त्याचा फोटो काढा आणि तो नंबर बिलावर लिहून घ्या. चोरी झाली तर पोलिसांना दाखवायला तुमच्याकडे तेवढंच असतं.

तुम्ही स्वदेशीचंही विचारलंय. पंचवीस हजारांच्या आतल्या गिअरच्या सायकलीत शंभर टक्के स्वदेशी शोधत बसलात तर ऑफिसला रिक्षानंच जाल. फ्रेम लुधियानाची असेल, टायर तिथलेच असतील, गिअर मात्र जपानी कंपनीचे आणि बनलेले तिसऱ्याच देशात. साधी काळी सायकल मात्र अजून जवळजवळ सगळी इथली असते. त्याही धंद्याची काय अवस्था आहे बघा, ॲटलससारख्या जुन्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो 3 जून 2020 ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाला. तेव्हा माझ्या लेखी लोकल म्हणजे सायकलवर कुठला झेंडा आहे ते नाही, पंक्चर काढणारा घरापासून किती अंतरावर आहे ते. पैसे त्याच्याकडे गेले की तो दुकान चालू ठेवतो. पुण्यात 2018 च्या आसपास ॲपवर चालणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या होत्या, पेडल, ओफो, मोबाइक, हिरव्या-पिवळ्या-केशरी, फुटपाथभर उभ्या. कंपन्या गेल्या, सायकली गेल्या, ज्यांनी नंबर आणि लोकेशन देऊन खाती उघडली होती त्यांच्या हातात काही राहिलं नाही. पेठेतला सायकलवाला अजून बसलाय.

मोबाइल नंबरवरून आठवलं. बिल करताना मोठ्या दुकानात काउंटरवर पहिला प्रश्न मोबाइल नंबर काय. द्यायची सक्ती नाही, 2023 च्या मे मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानंच दुकानदारांना सांगितलंय की नंबरचा आग्रह धरू नका. वॉरंटीसाठी हवाच असेल तर द्या, पण "सिस्टिममध्ये टाकल्याशिवाय बिल निघत नाही" याला भुलू नका, पुन्हा एकदा शांतपणे नको म्हटलं की निघतं.

आता ॲप. सायकलिंग नि धावणं नकाशावर नोंदवणारं स्ट्राव्हा वाईट नाही, मीही वापरतो, पण रोज ऑफिसला जाणाऱ्यानं ते जसं येतं तसं वापरू नये. रविवारी सिंहगडला जाणाऱ्याचा नकाशा आणि तुमचा नकाशा यात फरक आहे. तुमची रेघ रोज एकाच गेटपासून सुरू होते, एकाच वेळी, आणि संध्याकाळी तिथंच संपते. म्हणजे घर कुठलं, रिकामं कधी असतं आणि सायकल कुठली (हौसेनं फोटोसकट टाकलेली असते), हे सगळं कुणालाही वाचता येतं. 2018 च्या जानेवारीत याच ॲपच्या जगभरच्या हीटमॅपवर (सगळ्यांच्या रेघा एकत्र दाखवणाऱ्या नकाशावर) वाळवंटातले लष्करी तळ उजळलेले दिसले होते, कारण सैनिक कंपाउंडच्या आत पळताना घड्याळ चालू ठेवत होते. आणि 2024 मध्ये फ्रान्सच्या ल मोंद या वर्तमानपत्रानं राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांच्या धावण्यावरून दौऱ्यांतली हॉटेलं शोधून दाखवली. जिथं अंगरक्षकांना सेटिंग बदलायचं सुचत नाही तिथं आपण कोण. सेटिंगमध्ये जाऊन ॲक्टिव्हिटी फक्त स्वतःला किंवा फॉलोअरना दिसेल असं करा, नकाशातून सुरुवात आणि शेवट लपवायची सोय आहे, ती 1.6 किलोमीटरपर्यंत वाढवता येते, घर आणि ऑफिस दोन्हीसाठी वाढवा. "मला लपवण्यासारखं काय आहे" म्हणणाऱ्यांनी आपल्या फ्लॅटची किल्ली वॉचमनच्या टेबलावर टॅग लावून ठेवावी.

नुसते किलोमीटर मोजायचे असतील तर जीपीएस लागतच नाही. वायरवालं साधं मीटर मिळतं, आऱ्याला एक चुंबक, चिमट्याला सेन्सर, चाक फिरलं की मोजतं, कुठं गेलात ते त्याला कळतच नाही. फक्त चाकाचा घेर नीट भरा, 700 बाय 32 च्या टायरला साधारण 2155 मिलिमीटर, नाहीतर खडूनं टायरवर आणि जमिनीवर खूण करून, वर बसून, एक फेरा पुढे न्या आणि टेपनं मोजा.

हेल्मेट घ्या, पण स्मार्टचे पैसे देऊ नका. आत ईएन 1078 (सायकल हेल्मेटचं युरोपियन मानक) चा स्टिकर बघा, त्या चाचणीत सपाट पृष्ठभागावर साधारण दीड मीटरवरून टाकून बघतात, म्हणजे घसरून पडलात तर डोकं वाचवायला ते आहे, डंपरसाठी नाही. आयएसआय 4151 हे मोटरसायकलच्या हेल्मेटचं मानक, ते डोक्यावर घेऊन चढ चढलात तर उकडून निघाल. भुवईच्या वर दोन बोटं, पट्ट्यात एक-दोन बोटं जातील इतकं घट्ट, आणि एकदा जोरात आपटलं की दिसायला धड असलं तरी बदलायचं, आतला थर्माकोल एकदाच दबतो. वाचलेल्या पैशांतून मागे एक चांगला लाल लाइट, पुढे पांढरा, मडगार्ड, आणि पायडलला किंवा घोट्याला रिफ्लेक्टर, कारण वर-खाली हलणारा रिफ्लेक्टर ड्रायव्हरला लगेच सायकल म्हणून कळतो, पाठीवरचा कशाचाही असू शकतो. कॅमेरा राहू द्या. इअरफोन खिशात.

आईंना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवा, एक तासाचा पर्याय तुमच्या अंतराला बरोबर बसतो आणि आपोआप बंद होतो. जगाला नकाशा दाखवण्यापेक्षा हे बरं, ज्यांना काळजी आहे त्यांना दिसतंय. मात्र वाटेत फोन आला तर उचलणार नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन वेळा रिंग वाजून गेली की घरात हलकल्लोळ.

रस्ता चांदणी चौकाकडून घेऊ नका, नव्या पुलांचे रॅम्प हायवेला मिळतात, तिथं गाड्या वेगात येतात आणि सायकलवाल्याला लेन बदलायला फुरसत मिळत नाही. लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्त्याचा चढ, मग विद्यापीठ चौक असं जा, आधी एखाद्या रविवारी सकाळी जाऊन या म्हणजे खड्डे आणि जाळ्या पाठ होतील. विद्यापीठ चौकात पहिले काही दिवस सरळ उतरा आणि सायकल हातात धरून क्रॉस करा, कुणी हसत नाही. पुढे बाणेर रोडला मेट्रोच्या खांबांआडून गाड्या यू-टर्न घेतात, तिथं दोन्ही हात ब्रेकवर. दुकान कुठलं ते कोथरूडमध्ये नेमके कुठे राहता त्यावर आहे, डहाणूकरच्या बाजूला की पौड रोडला तेवढं सांगा, मग सुचवतो.