इंजिन डोळ्यांदेखत खोलायचं

चिरंजीवास आशीर्वाद.

मिस्त्रीने बांधून दिलेल्या तुझ्या ट्रकच्या इंजिनात ठोका (आतून ठकठक) आला आणि काल फोनवर तुझं एकच पालुपद चाललं होतं, "काका, भांडू की सोडून देऊ?" भांडायचं की नाही ते नंतर बघू. गाडी अजून खंबाटकीच्या पायथ्याशी पंपावरच उभी आहे ना? आणि इंजिनाला अजून कोणाचा हात लागला नाही ना? मग काहीच बिघडलेलं नाही. फक्त मिस्त्री म्हणतोय तसं "आणून लाव, रात्रीत खोलून बघतो, मजुरी घेणार नाही" याला हो म्हणू नकोस.

तुला तो मोठेपणा वाटला. वाटणारच, आधीचा खर्च अजून अंगावर आहे आणि वर हप्ता. पण रात्रीत खोललं की रात्रीतच नव्या बेअरिंगा (इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, ज्यांच्यात फिरतो त्या अर्धगोल पट्ट्या) पडतात आणि जुन्या भंगारात जातात. सकाळी तुला चालू गाडी मिळेल आणि कशामुळे गेली ते कधीच कळणार नाही. पुढच्या फेरीत परत ठोका आला तर मिस्त्री लेथवाल्याकडे बोट दाखवेल, लेथवाला पार्टवाल्याकडे आणि पार्टवाला तुझ्या ड्रायव्हिंगकडे. म्हणून सांगतो, इंजिन डोळ्यांदेखत खोलायचं. तू, मिस्त्री, क्रँक घासणारा लेथवाला आणि पार्टवाला, चौघं समोर असताना. कोणी आलं नाही तर फोनवर कळवल्याचा मेसेज ठेव आणि घरचं शहाणं माणूस बरोबर घे. पण डोळ्यांदेखत.

तिथे काय बघायचं ते नीट वाच. तुझ्या टाटा २५१८ मध्ये ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स इंजिन आहे. चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) उतरलं की आधी ऑइलची जाळी बघ. गॅस्केटला सिलिकॉन भसाभस लावायची आपल्याकडे खोड आहे. आत दाबलं गेलेलं सिलिकॉन सुटतं आणि शेवयांसारखं जाळीत जाऊन बसतं. तसं सापडलं तर तो बांधणाऱ्याचा हात, दुसऱ्या कोणाचा नाही. मग बेअरिंगा. मेनच्या सात जोड्या, कनेक्टिंग रॉडच्या सहा. वर्तमानपत्र अंथरून नंबरवार मांडायच्या, मिसळू द्यायच्या नाहीत, आणि पहिल्यांदा उलटून पाठ बघायची. पाठीवर साइज छापलेला असतो. क्रँक पाव मिलिमीटर घासलाय आणि बेअरिंग स्टँडर्ड, म्हणजे न घासलेल्या क्रँकच्या मापाची, पडलीय, असं मी पाहिलंय. ऑइलची फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आतबाहेर असायला हवी, तिथे पाव मिलिमीटर जास्त! मग गरम झाल्यावर ऑइलच्या प्रेशरचा काटा पडणार नाही तर काय होणार? या इंजिनाला गरम असताना आयडलवर निदान १० पीएसआय आणि पूर्ण आरपीएमला ३० तरी हवं. काटा त्याच्या खाली जात होता हे तू फोनवर बोललास, ते तारखेसह वहीत लिहून ठेव.

आता पालथ्या बेअरिंगा सरळ कर. क्रँक फिरतो त्या दिशेने बारीक ओरखडे असतील आणि ग्रे थराखालून तांबूस दिसत असेल तर आत कचरा फिरलाय. घासून आणल्यावर क्रँकची ऑइलची भोकं कोणी धुतली नाहीत, किंवा चिंधीने पुसलेल्या ब्लॉकमध्ये सूत राहिलं. क्रँकचं माप प्रत्येक जर्नलवर (बेअरिंग बसते त्या गोल भागावर) दोन दिशांनी घ्यायचं. गोलाई बिघडली असेल तर लेथवाला. आणि जर्नल निळं-काळं पडलं असेल तर ऑइलशिवाय गाडी चाललीय. त्यात ठोका आल्यावरही पुढे हाकली असेल तर ते आपलं. तसं निघालं तर तोंड लपवू नकोस, सगळ्यांच्या आधी तूच बोल.

तू म्हणालास, नातं बिघडेल, त्यांनी बाबांच्या काळापासून आपल्या गाड्या केल्यात. बिघडेल. खोटा धीर देणार नाही. माझ्या जुन्या मिस्त्रीबरोबर माझं असंच बिघडलं. त्याने बांधलेल्या इंजिनाचा क्रँक तुटला. मी म्हटलं, माझ्यासमोर खोल, लेथवाल्यालाही बोलव. तो म्हणाला, "इतक्या वर्षांनी विश्वास नाही?" खोललं तर क्रँक जर्नलच्या कोपऱ्यातून तुटलेला. घासताना तिथली गोलाई राखलीच नव्हती, सरळ काटकोन काढून ठेवला होता. घाटात लोड पडला की भेग तिथूनच जाणार. दोष लेथचा ठरला, भरपाई लेथवाल्याने दिली आणि मिस्त्रीच्या खिशातून एक रुपया गेला नाही. डोळ्यांदेखत खोललं म्हणूनच तो सुटला! तरी तो माझ्याशी बोलत नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिकाही आली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, माणूस हाताचा फार चांगला होता. लोक म्हणतात मी ताणलं. मी ताणलं नसतं तर गावभर त्याचंच नाव खराब झालं असतं, हे कोणी लक्षात घेत नाही. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तसंच करीन.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ठरल्याप्रमाणे काम केलं असेल तर मजुरी मिळेपर्यंत मिस्त्री गाडी अडवून ठेवू शकतो, १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० त्याला तो हक्क देतं. म्हणून गाडी त्याच्या आवारात लावण्याआधी बोलणं करून घे. आणि ट्रक धंद्याचा म्हणून ग्राहक आयोग दाद घेणार नाही, असं तुला कोणी सांगितलंय ते अर्धवट आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात धंद्याची धरत नाहीत, आणि तू एकच गाडी स्वतः चालवतोस; मजुरीच्या कामाचं, म्हणजे सेवेचं, तेवढं वकिलाला विचारून घे. मुदत दोन वर्षांची. पण हातात काय आहे तुझ्या? कच्ची चिठ्ठी! मिस्त्रीकडून, लेथवाल्याकडून, पार्टवाल्याकडून सही-तारखेची बिलं आधी माग, गोड बोलून माग, आजच माग. वाकडं लागल्यावर कोणी देणार नाही. आयोगापर्यंत जावं लागेल असं मला वाटत नाही. समोर मांडलेल्या बेअरिंगांपुढे माणसं सहसा खोटं बोलत नाहीत, हे मी अनेकदा बघितलंय.

आता हालचाल कर. गाडी टोचन करून ने, स्टार्टर मारायचा नाही, "पाच किलोमीटरच तर आहे" हेही नको. ऑइल स्वच्छ डब्यात काढायचं, ओतून द्यायचं नाही. फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसर, चमचम दिसली तर फोटो काढ. रविवारी खोलायचं ठरव, मी सकाळच्या एसटीने येतो. मायक्रोमीटर माझा आणतो, त्यांचा नको. पिस्टन, बेअरिंगांचे रिकामे बॉक्स घरी आणले होतेस ना? वहिनींना आत्ताच फोन करून सांग, रद्दीत द्यायचे नाहीत.

तुझा,
काका