पहाटे उठूनही लेखणी का चालेना?

‘रोज साडेचारला उठते, वही उघडून बसते, आणि एक ओळही सुचत नाही. माझ्यातले लेखनच संपले का?’ माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशीतल्या एका कथालेखिकेने पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तो मे महिना होता, दिवाळी अंकासाठी जुलैअखेर कथा द्यायची होती, आणि पहाटे उठणाऱ्यांच्याच हातून काही घडते अशी त्यांची ठाम समजूत होती. तीन आठवड्यांत दोन पाने झाली होती, तीही त्यांनी फाडली होती.

मी त्यांना दोन आठवडे झोपेची नोंद ठेवायला सांगितली. पाठ टेकायची वेळ सव्वाबारा, म्हणजे झोप जेमतेम सव्वाचार तास. रविवारी मात्र नऊपर्यंत. प्रौढ माणसाला साधारण सात ते नऊ तास झोप लागते. शिवाय स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते, आणि दूरदूरच्या गोष्टी जोडण्याच्या मनाच्या कामात तिचा वाटा असावा असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांचा गजर नेमकी हीच झोप कापत होता, आणि रविवारच्या उशिरापर्यंतच्या झोपेने शरीराचे घड्याळ पुन्हा मागे सरकून सोमवारची पहाट सर्वांत जड जात होती.

‘पण माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या रचायची,’ त्या म्हणाल्या. ‘आणि निजायची किती वाजता?’ मी विचारले. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, ‘जेवणे आटोपली की. आठ-साडेआठला.’

मग बारापर्यंत जागायचे कशासाठी, यावर मात्र त्या बराच वेळ गप्प राहिल्या. ओटा आवरून, उद्याच्या डब्याची भाजी चिरून झाल्यावर साडेदहा ते बारा एवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता. त्या तेव्हा मोबाइल पाहत, पण खरा विसावा होता तो कोणीही हाक मारत नाही याचा. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे, कारण हा दीड तास काढून घेतला आणि बदल्यात काही दिले नाही, तर कोणतीही शिस्त महिनाभरही टिकत नाही. म्हणून पुढच्या भेटीला यजमानांनाही बोलावले. रात्रीचा ओटा आणि भाजी त्यांनी स्वतःकडे घेतली, आणि सकाळी पावणेसात वाजेपर्यंत घरात कोणी हाक मारायची नाही, हेही ठरले.

गजर आधी साडेसहावर नेला. मग झोपण्याची वेळ दर चार दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणत साडेदहापर्यंत आणली, आणि त्यामागोमाग उठण्याची वेळ पावणेसहावर आली. दुपारी चारनंतरचा चहा बंद केला. उजाडताच वीस मिनिटे गच्चीवर जायला सांगितले, कारण सकाळचा उजेड शरीराचे घड्याळ पुढे आणतो.

लेखनाबाबत मी एकच सूचना केली: सकाळी फक्त कच्चा खर्डा, खाडाखोड संध्याकाळी. उठल्यावर काही वेळ मेंदूवर झोपेची गुंगी राहते आणि तेव्हा काटेकोर काम होत नाही. पण 2011 मध्ये मारेईके वीथ आणि रोझ झॅक्स यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अचानक उलगडणारी कोडी विद्यार्थ्यांना आपल्या अनुकूल नसलेल्या वेळी अधिक चांगली सुटली होती. ज्यांचा पिंड रात्रीचा आहे, त्यांना ही ढिली अवस्था पहिल्या खर्ड्यासाठी उपयोगी पडू शकते, आणि या बाईंना ती पडली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खर्डा पूर्ण झाला आणि कथा मुदतीत गेली.

जानेवारीत त्या पुन्हा भेटल्या. पुण्यात तेव्हा सूर्योदयच सात वाजून गेल्यावर होतो, म्हणून त्यांनी मला न विचारताच गजर सव्वासहावर नेला होता आणि घरच्यांना हाक मारण्याची वेळ सव्वासातची सांगितली होती.