प्रश्न तुमचे: ‘डीरा’ आणि रोजचं इंजेक्शन

प्रश्न : नातू चार महिन्यांचा, वजन ५ किलो. जन्मानंतर दोन आठवड्यांत अंगावर पुवाच्या पुटकुळ्या आल्या, पाय उचलला की किंचाळायचा. हाडात पू झाला म्हणून अँटिबायोटिक दिले, गुण आला नाही. जनुक तपासणीत ‘डीरा’ हा आनुवंशिक आजार निघाला. आता अनाकिन्रा हे इंजेक्शन रोज १० मि.ग्रॅ. चालू आहे. हे किती दिवस? घरी कसं द्यायचं? मुलगा-सून आतेभाऊ-मामेबहीण आहेत. – एक आजोबा, अंबाजोगाई

उत्तर : या आजारात जंतू नसतातच, म्हणून अँटिबायोटिक लागू पडत नाही. शरीरात दाह पेटवणाऱ्या ‘इंटरल्युकिन-१’ला रोखणारं प्रथिन बाळात तयार होत नाही. अनाकिन्रा त्याचीच जागा घेतं, पण त्याचा अंमल काही तासच टिकतो. म्हणून ते रोज आणि आजच्या घडीला कायमचं. गुण दिसला म्हणून थांबवलं, की थोड्याच दिवसांत पुटकुळ्या अन् हाडांची सूज परत येते.

सगळ्यात जपायचं ते माप. औषधाच्या भरून आलेल्या सिरिंजमध्ये ०.६७ मि.ली.मध्ये १०० मि.ग्रॅ. औषध असतं. म्हणजे १० मि.ग्रॅ. फक्त ०.०६७ मि.ली. : केशरी टोपणाच्या यू-१०० (१ मि.ली.ला १०० युनिट) इन्सुलिन सिरिंजवर ७ युनिटला किंचित कमी. मेडिकलवाल्याने लाल टोपणाची यू-४० (१ मि.ली.ला ४० युनिट) दिली आणि ७ पर्यंतच भरली, तर २६ मि.ग्रॅ. जातील! एवढ्याशा मापात हवेचा बुडबुडाही डोस खातो. एका सिरिंजमधून दुसरीत औषध घेणं नर्ससमोर स्वतः करूनच शिका. उरलेलं टाकून द्या. त्यात जंतुरोधक नसतं. जीव हळहळतो, पण रुग्णालयाच्या निर्जंतुक कक्षात डोस वाटून मिळतात का, ते जरूर विचारा. वजन वाढेल तसा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या.

औषध २ ते ८ अंशांत ठेवा. गोठवू नका, जोरजोरात हलवू नका. भारनियमनात फ्रिज उघडू नका. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, जळजळ कमी होते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, रोज जागा बदलून द्या.

रक्ततपासणी पहिले तीन महिने दरमहा, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी. पांढऱ्या पेशी घटू शकतात. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नवव्या महिन्याची गोवर-रुबेला आणि पोलिओचे थेंब या जिवंत लसी आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. तसं लसीच्या कार्डावरच लिहून घ्या.

सुनेला बोल लावू नका. सदोष जनुक आई-बाप दोघांकडून आलेलं असतं. तुमच्याकडे ते बहुधा आजीच्या माहेरूनच दोन्ही बाजूंनी उतरलं. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका राहतो. दिवस राहिल्याबरोबर जनुक तज्ज्ञांना भेटा. अकराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी होऊ शकते.