'टाइमलाइन'ला ठेका म्हणावं की लेहरा?

घानातल्या इवे लोकांच्या ढोलवादनात लोखंडी घंटेवर एक चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत तशीच वाजत राहते. अभ्यासक तिला 'टाइमलाइन' म्हणतात. घानाचेच क्वाबेना न्केटिया यांनी हा शब्द रूढ केला. मराठीत लिहिताना तिला 'ठेका' म्हणावं का, असा प्रश्न आलाय.

माझ्या मते नको. ठेका तबलजी स्वतः धरतो, भरतो, मनात आलं की सोडून देतो. गांकोगुई (एका दांड्याच्या दोन घंटा) वाजवणाऱ्याला अशी मुभा जवळपास नाहीच.

चाल करून बघा. १ ते १२ एकसारखं मोजत राहायचं आणि १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर टाळी द्यायची. जमलं की १, ४, ७, १० वर पाऊल टाका. नाचणाऱ्यांची पावलं तिथेच पडतात. ४ आणि ७ वर पाऊल आहे पण टाळी नाही, आणि नवखा हमखास तिथेच घसरतो. बारा म्हटलं की एकताल आठवणार, पण त्याचे दोन-दोनचे विभाग इथे लावू नका. ठोक्यांमधली अंतरं कमी-जास्त आहेत, म्हणूनच नुसती घंटा ऐकून आवर्तनात आपण कुठे आहोत ते कळतं.

हे काम आपल्याकडे लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाएवढी पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट, करतो. पेटीवाला किंवा सारंगीवाला तो धरून बसतो आणि तबलजी त्याच्या जिवावर कायदे-रेले (तबल्यातल्या रचना) वाजवतो. इवे पथकात अत्सिमेवू हा उंच मुख्य ढोल घंटेच्या जिवावर असाच मोकळा सुटतो. लेहऱ्याला सूर असतो, घंटेच्या चालीला नाही, हे खरं. शिवाय तिकडे वादक एकटा नसतो: किडी आणि कागान हे आणखी दोन ढोल असतात, किडी मुख्य ढोलाला उत्तर देते, कागान मधल्या फटी भरतो. तरी 'लेहरा'च जवळचा.

हीच चाल गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर क्यूबात गेली. तिथे बेंबेत (आफ्रिकी वळणाच्या धार्मिक ढोल-नाचाच्या मेळाव्यात) ती कुदळीच्या पात्यावरही वाजते. पुढे ड्रमसेटवाल्यांनी ती 'बेंबे' याच नावाने उचलली आणि राइड सिंबल या मोठ्या झांजेच्या मधल्या उंचवट्यावर आणली. (अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश तर १९७० मध्ये घानात जाऊन इवे वादकाकडे शिकला. दोघांनी नुसत्या टाळ्यांनी वाजवायची त्याची १९७२ ची रचनाही बाराच्याच आवर्तनात आहे.) ड्रमसेटवर मात्र वादक ही चाल स्वतःच धरतो, त्यामुळे तिथे खुशाल 'ठेका' म्हणा.

लेखात पहिल्यांदा 'घंटेचा लेहरा' आणि पुढे नुसतं 'लेहरा' लिहिलं की काम भागेल. 'घंटानाद' नको, लोकांना तहसील कचेरीसमोरचं आंदोलन आठवेल. आणि नुसतं 'घंटा' लिहिलंत तर कॉलेजातली पोरं काय म्हणतील ते मी सांगायला नको.